काजळाची डबी जिची तिची!

शेजारणीने विरजण मागितलं, वाटीभर साखर मागितली, लग्नाला जायला ठेवणीतली पैठणी मागितली, तरी आपण सहसा नाही म्हणत नाही. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. आणि ते छानच आहे! पण या देण्याघेण्याच्या यादीत एक वस्तू हळूच येऊन बसली आहे, ती म्हणजे काजळ. गॅदरिंगला एका आयलायनरवर अख्खा लेझीमचा संघ नटतो. कंपनीच्या बसमध्ये एकच मस्कारा पुढच्या सीटवरून मागच्या सीटपर्यंत फिरतो. हळदीकुंकवाच्या दिवशी जावा, नणंदा, भाच्या सगळ्या एकाच पेन्सिलीने काजळ घालतात. "अगं, दे ना जरा, दोनच रेघा ओढते!" एवढं म्हटलं की काम झालं.

मैत्रिणींनो, मला आज या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. साखर द्या, साडी द्या, वेळेला पैसेही द्या. पण डोळ्यांना लागणारी वस्तू देऊ नका आणि घेऊही नका. काजळ वाईट नाही, उसनं काजळ वाईट!

आमच्या थेरगावचंच बघा. कधीकाळचं पवनाकाठचं हे गाव. आज एका अंगाला हिंजवडीच्या कंपन्या आणि दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवडचे कारखाने. डांगे चौकात सकाळी उभं राहिलं की पहिल्या पाळीला निघालेल्या, ऑफिसची बस पकडणाऱ्या, कॉलेजला चाललेल्या मुलींची ही गर्दी! गणेशनगरापासून काळेवाडी फाट्यापर्यंत गल्लोगल्ली ब्यूटी पार्लरच्या पाट्या आहेत. नटणं आता सणासुदीपुरतं राहिलेलं नाही, ते रोजचं झालं आहे. त्यात वावगं काही नाही. कमावती बाई स्वतःच्या पैशाने काजळ-लायनर घेते, आरशात बघून खूश होते, यात नाकं मुरडण्यासारखं काय आहे? पण रोजची गोष्ट झाली की तिची रोजची शिस्तही हवी. आपण घरात दात घासायचा ब्रश प्रत्येकाचा वेगळा ठेवतो ना? मग डोळा दातापेक्षा स्वस्त आहे का?

आता थोडं मागे जाऊ. जुलै २०२३ आठवतोय? आळंदीत डोळे येण्याची साथ आली होती. थेरगावहून आळंदी म्हणजे काही परमुलूख नव्हे. सुरुवात शाळकरी मुलांपासून झाली आणि बघता बघता रुग्ण हजारांच्या घरात गेले. मग ती पिंपरी-चिंचवडमध्ये, पुण्यात आणि राज्यभर पसरली. काळे गॉगल लावलेली माणसं रस्त्यात दिसायला लागली. कारण आपला पक्का समज, की डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात. पण नुसतं बघून डोळे येत नाहीत. ते येतात हातांमधून. आजारी डोळ्याचं पाणी बोटाला लागतं, बोट टॉवेलला, रुमालाला, दाराच्या कडीला लागतं आणि तिथून दुसऱ्याच्या बोटाला व डोळ्याला. डोळे येण्यामागचे काही विषाणू तर कोरड्या वस्तूवरही काही दिवस तग धरून राहतात.

त्या साथीत डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आपण टॉवेल वेगळे केले, रुमाल वेगळे केले, उशीचे अभ्रे उकळत्या पाण्यात टाकले. पण किती घरांत काजळाची पेन्सिल वेगळी झाली? टॉवेल निदान वाळत तरी पडतो. पेन्सिलीचं टोक तर थेट डोळ्याच्या ओल्या कडेवरून फिरतं आणि पुन्हा टोपणात बंद होतं. मस्काऱ्याचं त्याहून अवघड. कांडी पापण्यांवरून फिरते, परत नळीत बुडते, वर झाकण घट्ट! आत अंधार, ओल, ऊब. जंतूंना अजून काय पाहिजे? जंतू वाढू नयेत म्हणून कंपन्या त्यात काही घटक घालतात, पण कांडी जितक्या वेळा आतबाहेर होते तितका त्यांचा जोर कमी होत जातो. म्हणूनच उघडलेला मस्कारा किंवा पातळ लायनर तीन महिन्यांपलीकडे वापरू नये असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. "अजून अर्धा आहे की!" म्हणून वर्षभर पुरवण्यात शहाणपण नाही. आणि वाळला म्हणून त्यात पाण्याचा थेंब टाकणं, किंवा पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करणं... नकोच ते!

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, "आमच्या आजीने जन्मभर काजळ घातलं. एकाच डबीतून सगळ्या घराने घातलं. काय झालं तिला?" प्रश्न रास्त आहे, उत्तरही ऐका. आजीच्या काळात 'खुपऱ्या' नावाचा डोळ्यांचा आजार होता. आजच्या मुलींना हा शब्दही माहीत नसेल. पापणीच्या आतल्या बाजूला खरखरीत पुरळ यायचं, पापणी आत वळायची, केस बुबुळावर घासायचे आणि हळूहळू दृष्टी जायची. हा आजार देशात इतका होता की सरकारला १९६३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घ्यावा लागला. तो पसरायचा कसा? घाणेरड्या हातांतून, एकाच फडक्याने पुसलेल्या तोंडांतून, माश्यांमधून. आणि आई एका बोटाने ओळीने सगळ्या पोरांच्या डोळ्यांत काजळ घालायची ना, त्या बोटातूनसुद्धा! स्वच्छ पाणी आलं, औषधं आली, लोक शिकले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपऱ्या हटल्या. साठ वर्षं लागली! तेव्हा आजीच्या काळात काही होत नव्हतं असं नाही. होत होतं, पण त्याचा संबंध त्या प्रेमाच्या बोटाशी कुणी जोडत नव्हतं.

डोळे येणं त्या मानाने किरकोळ. आठ-दहा दिवसांत बहुतेकांचं बरं होतं. पण हे आठ-दहा दिवस कुणाला परवडतात, याचाही विचार करायला हवा. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात हजारो बाया सुट्या भागांची तपासणी करतात, बारीक वायरी जुळवतात, दिव्याखाली आठ तास नजर रोखून बसतात. त्यांचं पोट त्यांच्या डोळ्यांवर आहे. डोळे लाल दिसले की सुपरवायझर घरी पाठवतो आणि त्याचंही बरोबर आहे, नाहीतर अख्खी लाइन आजारी पडेल. पण ठेकेदाराकडे कामाला असलेल्या बाईची रोजी बुडते त्याचं काय? मैत्रिणीच्या पेन्सिलीच्या दोन रेघा आठवड्याच्या पगाराला पडतात! पगारातून ईएसआय कापला जात असेल तर अशा वेळी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्यायला मात्र विसरू नका.

कामावर जाणाऱ्यांसाठी अजून एक. चालत्या बसमध्ये काजळ-मस्कारा लावू नका. आपले स्पीडब्रेकर कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे! एका हिसक्यात कांडी बुबुळावर लागते. ओरखडा दिसायला बारीक असतो, पण त्यातून जंतू आत शिरले तर जखम चिघळते. मग डोळ्यात फूल पडण्यापर्यंत, अगदी नजर जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मस्काऱ्याने चिकटलेल्या पापण्या सेफ्टी पिनेने सुट्या करणाऱ्या मुलींना तर हात जोडून सांगावंसं वाटतं, बाई गं, डोळा फोडून घेशील! त्यासाठी पापण्यांचा छोटा कंगवा मिळतो. आणि दुसरी पाळी करून कितीही दमून आलात, तरी मेकअप न काढता झोपू नका. मिटल्या डोळ्यांवर कापसाने खोबरेल तेल हलकेच फिरवायचं, पुसून घ्यायचं आणि तोंड धुवायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता काजळ घालायचं कुठे? आपली पद्धत म्हणजे खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर. त्याशिवाय ते 'भरल्यासारखं' वाटत नाही! पण त्याच कडेवर तेलग्रंथींची इवलीशी तोंडं असतात. त्यांच्यातून झिरपणारं तेल डोळ्यातलं पाणी लवकर सुकू देत नाही. ती तोंडं काजळाने बुजली की डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, रांजणवाडी येते. २०१५ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी याची तपासणी केली. आयलायनर आतल्या कडेवर लावलं की पापणीच्या बाहेर लावण्याच्या तुलनेत कितीतरी जास्त कण आणि कितीतरी लवकर डोळ्याच्या पाण्यात उतरतात, असं त्यांना दिसलं. तेव्हा मी काजळ सोडा म्हणत नाही. फक्त एक रेघ खाली सरका, पापण्यांच्या बाहेरून घाला. डोळे तेवढेच टपोरे दिसतात आणि रात्री चोळावे लागत नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालायची, मेकअप नंतर. काढताना आधी लेन्स, मग मेकअप.

पार्लरवाल्या ताईंबद्दलही बोलायला हवं. लग्नसराईत एका दिवसात दोन-तीन नवऱ्या, त्यांच्या करवल्या, वरमाया. पेटी एकच, मस्कारा एकच, ब्रश तेच. सगळ्याच ताई अशा नसतात. लायनर थाळीत काढून घेणाऱ्या, प्रत्येकीला नवी कांडी वापरणाऱ्या, ब्रश धुऊन वाळवणाऱ्या ताईही आहेत. आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजीच्या अभ्यासक्रमात स्वच्छतेचा आणि निर्जंतुकीकरणाचा धडा असतोच. मग तो प्रत्यक्षात का उतरत नाही? खरं सांगू? आपणच विचारत नाही म्हणून! आपण पार्लरमध्ये शिरताना फक्त भाव विचारतो. "आयब्रोचे किती?" "ब्रायडलचं पॅकेज कितीचं?" दहा रुपये कमी करून घेतल्याचा आनंद होतो. पण एकदा वापरून फेकायच्या कांडीला पैसे पडतात, ब्रश धुवायला वेळ लागतो, हे ध्यानात घेत नाही. माझं स्पष्ट मत आहे, या कामी ग्राहक बायांनीच पुढे यायला हवं. "ताई, माझा मस्कारा मी आणलाय, तोच लावा," असं हसून म्हणता येतं. "ब्रश धुतलेला आहे ना?" असं विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. भुवया कोरताना दोरा दातात धरतात, त्याची किळस वाटत असेल तर तेही सांगा, मानेत अडकवूनही दोरा चालवता येतो. आणि स्वच्छता पाळणाऱ्या ताईंना चार पैसे जास्त द्यायची तयारी ठेवा. दुकानातल्या टेस्टरचं तर नावच नको. शेड बघायची असेल तर हाताच्या पाठीवर बघा, डोळ्याला लावू नका.

भुवयांचे पिकलेले केस लपवायला पार्लरमध्ये कलप लावण्याची टूम निघाली आहे. कलपाच्या खोक्यावर बारीक अक्षरात काय छापलेलं असतं ते वाचा. भुवया आणि पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकतं, असा इशारा छापणं आपल्याकडे कायद्यानेच सक्तीचं केलेलं आहे. तो इशारा उगाच आलेला नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या काळ्या करण्याचा 'लॅश ल्यूर' नावाचा रंग निघाला होता. पार्लरमध्ये तो लावून घेतलेल्या बायकांचे डोळे सुजले, चिघळले. एकीची दृष्टी कायमची गेली, एकीचा जीव गेला. त्या रंगात जे रसायन होतं, त्याच कुळातली रसायनं आजही केसांच्या बहुतेक काळ्या कलपांत असतात. त्या काळी तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदाच नव्हता. अशा प्रकारांवरून ओरड झाली आणि १९३८ मध्ये तो झाला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० चा, त्यात सौंदर्यप्रसाधनं १९६२ च्या दुरुस्तीने आली. २०२० मध्ये त्यांच्यासाठी वेगळी नियमावलीही निघाली.

म्हणजे कायदा आहे. पण आठवडी बाजारातल्या हातगाडीवर, जत्रेतल्या पालावर, वीस रुपयांच्या काजळापर्यंत तो पोहोचत नाही. तिथे आपलेच डोळे उघडे हवेत. पाकिटावर कंपनीचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, वापरण्याची शेवटची तारीख आणि आत काय काय आहे त्याची यादी, एवढं असेल तरच घ्या. परदेशी माल असेल तर आयातीचा नोंदणी नंबर हवा. नुसती चकचकीत डबी आणि नटीचा फोटो म्हणजे हमी नव्हे. रंगासाठी शिशाचे क्षार वापरायला आपल्याकडे बंदी आहे. पण सुरमा म्हणून मिळणाऱ्या काळ्या चकचकीत भुकटीत पुष्कळदा शिसंच मुख्य असतं. अमेरिकेत तर या कारणाने असं काजळ-सुरमा विकायलाच परवानगी नाही. लबाडी दिसली तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, हेही माहीत असू द्या.

शिसं मोठ्यांना वाईट, लहानांना फारच वाईट. मूल डोळे चोळतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं मुलांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा जास्त मुरतं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. "आम्ही बाजारचं नाही घालत, तुपाच्या दिव्यावर घरी धरतो," असं सासूबाई म्हणतील. त्यांच्या काजळीत शिसं नसेलही, पण ती निर्जंतुक नसते, आणि बाळाच्या डोळ्यातून नाकाकडे जाणारी पाण्याची वाट इतकी अरुंद असते की ती बुजायला वेळ लागत नाही. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, नजरही वाढत नाही. घरी येणाऱ्या आशाताईही हेच सांगतात, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका. सासूबाईंशी वाद घालायची गरज नाही. दृष्ट लागू नये म्हणून घरच्या काजळाची तीट कानामागे लावा. त्यांच्या मनाचं समाधान होईल आणि बाळाचे डोळेही सुरक्षित राहतील.

एवढं करूनही डोळा लाल झाला, चिकटला, टोचायला लागला तर? काजळ-मस्कारा सगळं बंद. पूर्ण बरं वाटेपर्यंत बंद. आजारपणात वापरलेली पेन्सिल, लायनर, मस्कारा फेकून द्या. जीव हळहळेल, पण फेका. मेडिकलवाल्याला विचारून थेंब घालू नका, शेजारणीचे उरलेले थेंब तर मुळीच नकोत. काही थेंबांमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने वरवर लाली जाते आणि आतला आजार बळावतो. दुखत असेल, अंधूक दिसत असेल, उजेड सहन होत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे थेरगावात महापालिकेचं रुग्णालय आहे, पिंपरीत वायसीएम आहे. तुमच्या गावातही ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल. "आज बघू, उद्या बघू" करण्याची जागा डोळा नव्हे.

राहता राहिला नाही म्हणण्याचा प्रश्न. तोच सगळ्यात अवघड! मैत्रिणीला वाटेल, हिला गर्व झाला. नणंदेला वाटेल, वहिनी काजळसुद्धा देत नाही. त्यावर माझ्या मते सोपा उपाय आहे. नणंदेला, भाचीला, मैत्रिणीला वाढदिवसाला, राखीला, संक्रांतीच्या वाणाला एक नवी कोरी काजळाची पेन्सिल द्या. स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे लुटून आपली कपाटं भरली आहेतच. त्याऐवजी ही छोटीशी वस्तू बघा. देतानाच सांगा, "ही तुझी हं, कुणाला देऊ नकोस." मग मागण्याचाही प्रश्न नाही आणि नाकारण्याचाही नाही. गॅदरिंगच्या बाईंनीही मुलींना आधीच सूचना द्यावी, ज्याचं त्याने आणावं. जिला परवडत नाही तिच्यासाठी शाळेने एक नवी पेन्सिल घ्यावी, ती काही फार महाग नसते.

आपण बायका घरातल्या सगळ्यांचे चष्मे, औषधं, तपासण्या लक्षात ठेवतो आणि स्वतःच्या डोळ्यांवर मात्र वर्षभराचा शिळा मस्कारा फिरवतो. आज घरी गेल्यावर पर्स उलटी करा. तारीख गेलेलं, लेबल नसलेलं, कुणाकुणाच्या डोळ्यांना लागून आलेलं सगळं बाजूला काढा. जे उरेल त्यावर आपलं नाव घाला. नटा, जरूर नटा... पण आपल्याच डबीतून!